आज पॉलिसीचं काढू नको

आमच्या गल्लीतलं यंदाचं शेवटचं हळदीकुंकू काकूंकडे होतं, रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी. अंगणात सडा-रांगोळी, दारात चपलांचा ढीग, आत सतरंज्यांवर बायका दाटीवाटीने बसलेल्या. तीळ, अत्तर आणि पेटीतून काढलेल्या साड्या यांचा मिळून एक वास येत होता, वर्षातून हेच पंधरा दिवस येणारा. मी जरा उशिरा पोचले. काकूंनी मला उंबऱ्यातच थांबवलं, हळद लावली, कुंकू लावलं, आणि बोट अजून माझ्या कपाळावर असतानाच अगदी हळू, मागच्या बाईलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आज ते पॉलिसीनं काही काढू नको हां, माय."

मी हसले. "नाही हो काकू," म्हटलं आणि आत जाऊन भिंतीशी बसले. तिळगूळ खाल्ला, मसाला दूध प्यायले, वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी पर्समध्ये टाकली. ती टाकताना बोटांना पर्समधला घडी घातलेला कागद लागला. काकूंच्या मुलाच्या पॉलिसीचा हप्ता होता त्यावर. देय तारीख २८ डिसेंबर, सवलतीचे तीस दिवस २७ जानेवारीला संपणार. म्हणजे हातात तीन दिवस, त्यातही मधे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. मुलगा सुरतेला. कंपनीचा मेसेज जातो तो त्याच्या जुन्या नंबरवर, जो आता बंद आहे. फोन दोनदा लावला होता, उचलला नव्हता. तेव्हा खरं सांगायचं तर मी पॉलिसीचं काढणारच होते. पण त्या कुंकवाच्या बोटानंतर तोंडातून शब्द निघाला नाही. तो कागद तसाच घडीत घेऊन मी घरी आले आणि रात्रभर त्या एका वाक्याशी झोंबत राहिले.

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. सतरा वर्षांत मी दारं लावून घेतलेली पाहिली आहेत. आतून टीव्हीचा आवाज येत असताना पोराने बाहेर येऊन "घरात कोणी नाही" म्हटलेलं ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिलेलीही पाहिली आहे. त्याची सवय होते. पण काकूंनी मला लहानपणी कडेवर घेतलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की त्यांच्याच निंबावर माझा झोका असायचा. त्या माणसाला माझ्या येण्याआधी माझी भीती वाटली आणि त्यांनी ती प्रेमाने, कपाळाला हात लावून सांगितली. हे कुठे ठेवायचं ते कळेना.

मी २००९ साली विम्याची एजन्सी घेतली. यजमान कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये होते तिथलं काम हंगामी झालं, आणि दोन लेकरांच्या शाळेची फी मात्र बाराही महिने होती. डीओ साहेब, म्हणजे विमा कंपनीचे विकास अधिकारी, घरी आले. चांगला माणूस, आजही मी त्यांना मान देते. ते म्हणाले, "ताई, भांडवल लागत नाही. फक्त माणसं लागतात. तुमच्या लग्नातली आहेराची वही आहे का?" होती. ट्रंकेत लाल कापडात बांधलेली. कुणी अकरा रुपये, कुणी एकावन्न, कुणी पातेलं, कुणी साडी. पुढे गावाचं नाव. सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात ती सगळी माणसं ओळीने बसलेली. साहेबांनी मला एक कोरी डायरी दिली आणि म्हणाले, "यातली नावं इकडे उतरवा. वय, काम, मुलं किती, ते शेजारी लिहा." एका दुपारी बसून मी दोनशे चौदा नावं उतरवली. ज्या आत्याने स्वतःची जोडवी मोडून मला पैंजण केले होते तिच्या नावापुढे मी लिहिलं: जावई शिक्षक, पगार चांगला. लिहिताना काही वाटलं नाही. लेकरांच्या फीचे आकडे डोक्यात होते. आज मात्र ती डायरी उघडवत नाही, आणि आहेराची वही तर त्याहून नाही.

पहिली दोन वर्षं ती वहीच पुरली. नातेवाईक नाही म्हणत नाहीत. ते पॉलिसी घेतात, तुमच्या तोंडाकडे बघून घेतात, आणि मग हळूहळू तुमच्याकडे बघणं कमी करतात.

वही संपली की खरा धंदा सुरू होतो. अमळनेरहून मारवड, मांडळ, जानवे, पातोंडा, तिकडे पारोळ्याकडे बहादरपूरपर्यंत मी स्कूटीवर फिरले आहे. तोंडाला स्कार्फ, हातमोजे, डिकीत पाण्याची बाटली आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. आमच्याकडे मार्च लागला की ऊन माणसाला घरात कोंडतं, आणि नेमका मार्च हाच आमचा हंगाम. टॅक्स वाचवणारे नोकरदार तेव्हाच जागे होतात, आणि ब्रँचमध्ये फळ्यावर रोज आकडे चढतात. दुपारी दोनला, रस्त्यावर कुत्रंही नसताना, मी एखाद्या मास्तरांच्या दारात उभी असे, कारण शाळा सुटून ते तेव्हाच घरी सापडतात. घाम स्कार्फमधून डोळ्यांत उतरायचा, आणि आत गेल्यावर पंख्याखाली बसून हसत विचारायचं, "सर, मुलीच्या शिक्षणाचा काही विचार केलाय?"

कमिशनचा हिशेब बाहेरच्याला भलताच गोड वाटतो. जुन्या पॉलिसींना पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ७.५, त्यापुढे ५. लोकांना तो २५ चा आकडा तोंडपाठ असतो. त्यातून टीडीएस जातो, पेट्रोल जातं, पाच दारं वाजवली तर एक उघडतं, हे कुणाला दिसत नाही. एखाद्या मार्चमध्ये माझ्या खात्यात चाळीस हजार आलेत, आणि त्याच वर्षीच्या श्रावणात एकोणीसशे. किराणावाल्याला हे सांगता येत नाही. शिवाय तो आकडा माहीत असल्यानेच गिऱ्हाईक सरळ म्हणतं, "पहिला हप्ता तू भर, मग बघू." १९३८ च्या विमा कायद्याचं ४१ वं कलम याला बंदी करतं, कमिशनमधला रुपयाही गिऱ्हाइकाला परत देता येत नाही आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर ते छापलेलं असतं. मी नवीन होते, फळ्यावर माझं नाव सगळ्यात खाली होतं, वर्षाच्या बारा पॉलिसी पूर्ण झाल्या नाहीत तर एजन्सीच जाणार होती. मी दिले पैसे. तीन जणांना दिले. त्या तिघांच्याही पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडल्या, कारण ज्याला पहिला हप्ता फुकट मिळतो त्याला दुसरा जड वाटतो. त्यानंतर कुणालाच दिले नाहीत, पण दिले होते हे खरं आहे.

आमच्या गावात पैशाचं बोलणं काढलं की आणखी एक अडचण असते. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या ज्या घरांनी त्या काळी शेअर घेऊन नुसते ठेवून दिले ती घरं कुठल्या कुठे गेली. प्रत्येक ओट्यावर ही गोष्ट सांगितली जाते. तुम्ही वीस वर्षांची पॉलिसी समजावून सांगत असता, आणि समोरचा माणूस शांतपणे म्हणतो, "ताई, तेवढ्यात शेअर घेतले असते तर?" मला उत्तर देता येत नाही. आमच्या बचतीच्या पॉलिसीचा परतावा पाच-सहा टक्क्यांच्या वर जात नाही हे मला ठाऊक आहे. उरलेले लोक सोन्यावर विश्वास ठेवतात, जळगावच्या सराफ बाजाराची पावती त्यांना कुठल्याही बाँडपेक्षा खरी वाटते. ज्यांनी पतसंस्थेत ठेवले आणि हात पोळून घेतले, ते तर कागदाचा तुकडा म्हटला की उठून आत जातात. आणि खेड्यात विमा हा शब्द उच्चारला की शेतकरी मला पीकविम्याचीच माणूस समजतो. "मांगला सालना पैसा अजून उना नहीत," म्हणून तो माझ्यावर बरसतो. मी त्याला सांगत नाही की ते वेगळं आणि मी वेगळी. पाऊस पडला नाही, पण पाऊस मोजायच्या मशीनमध्ये तशी नोंद झाली नाही, त्याने चार महिने वाट पाहिली, आणि त्याच्या दारात विम्याचं नाव घेऊन आलेली पहिली माणूस मी. त्याचं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेतलं की तो चहा टाकायला सांगतो.

या सगळ्यापेक्षा अवघड असतो तो शब्द. मरण. ते न उच्चारता मला मरणाबद्दल बोलायचं असतं. "काही कमी-जास्त झालं तर", "देव न करो", "तुमच्या पश्चात". सवाष्ण बाई दुसऱ्या सवाष्णीच्या घरात बसून तिच्या नवऱ्यासमोर असं बोलते, तेव्हा ती बाई नकळत मंगळसूत्र मुठीत धरते. हे मी कितीदा पाहिलं आहे. एका म्हातारीने माझ्या मागे उंबऱ्यावर पाणी टाकलं होतं. आणि गंमत वाटेल इतकं उलटही घडतं. तीच बाई मी निघाले की गोठ्याच्या बाजूने मला गाठते आणि विचारते, "माझ्या नावावर नक्की किती येतील हो ताई? सासरे काढून तर नाही ना घेणार?" तेव्हा मी तिला १८७४ च्या एका जुन्या कायद्याचं सांगते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. पॉलिसी घेतानाच त्याखाली एक जादा कागद भरला, की ती रक्कम बायको-मुलांचीच राहते. सोसायटी, बँक, सावकार, सासर, कुणालाही हात घालता येत नाही. एवढं कर्ज असलेल्या या कापसाच्या मुलुखात तो कागद भरून घेणारे एजंट मला फार थोडे भेटले. त्या कागदाचं वेगळं कमिशन नसतं. माझ्या हातून असे एकेचाळीस भरले गेले आहेत, ते मी मोजून ठेवले आहेत.

त्यातल्या एका बाईने नवऱ्यामागे आलेल्या पैशांतून पिठाची गिरणी टाकली. मी त्या रस्त्याने गेले की ती पट्टा बंद करून बाहेर येते. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. काही बोलत नाही. कळण्याच्या पिठाची एक पिशवी डिकीत ठेवते आणि परत आत जाते.

तिच्याबद्दल लिहिलं तर दुसऱ्या घराबद्दलही लिहायला हवं.

बोरीकाठचं एक गाव. माणूस चाळिशीच्या आतला, पाच एकर कोरडवाहू, दोन मुली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने तीन लाखांची पॉलिसी घेतली, हप्ते सोळा वर्षं, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. मी त्याला टर्म प्लॅनचंही सांगितलं होतं, पण तो म्हणाला, "आणि मी जिवंत राहिलो तर पैसे परत नाहीत?" नाहीत म्हटल्यावर विषय संपला. मीही फार ताणलं नाही. टर्मचा हप्ता लहान, म्हणून कमिशनही लहान. तेव्हा ते माझ्या मनात होतं की नव्हतं, याची आज मला खात्री देता येत नाही.

दोन हप्ते त्याने वेळेवर भरले. तिसरा आला नोव्हेंबर २०२२ ला. आदल्या हंगामात कापसाने बारा हजारांचा भाव पाहिला होता. सगळ्या खानदेशाने तो आकडा धरून ठेवला आणि कापूस घरात भरला. मी डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्याकडे गेले तेव्हा पुढच्या खोलीत चौकटीच्या वरपर्यंत कापूस होता. देवाचा कोनाडा तेवढा मोकळा ठेवलेला. धाकटी मुलगी त्या ढिगावर झोपली होती आणि झोपेतच दंड खाजवत होती. साठवलेल्या कापसाने अंगावर पुरळ येतं, त्या वर्षी घराघरात तीच खाज होती. खोलीत सरकीचा तेलकट, कोंदट वास. मी तिथे दहा मिनिटं बसले तर माझ्याही मानेला खाज सुटली. तो म्हणाला, "ताई, आते तू भरी दे, कापूस इकना का दी टाकसू."

मी नाही म्हटलं. याआधी मी लोकांचे हप्ते पदरचे भरत असे. सगळेच एजंट भरतात. तसे माझे चाळीस हजार गावोगाव अडकले होते, आणि त्यावरून घरात मोठं भांडण झालं होतं. यापुढे कुणाचाही हप्ता भरणार नाही असं मी यजमानांना लेकरांची शपथ घेऊन सांगितलं होतं. सवलतीचे दिवस संपले. पॉलिसी बंद पडली. ती पुन्हा सुरू करता येते, व्याज आणि तब्येतीचा कागद दिला की झालं, हे त्याला फोनवर एकदा सांगितलं. मग जानेवारीत पारोळ्याच्या बाजारात तो मला दिसला. भज्यांच्या गाडीशी उभा होता, हातात कागदाचा द्रोण. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या मनात त्या क्षणी अगदी स्पष्ट आलं, की मी आता जवळ गेले तर याला वाटेल, ही आली कमिशनसाठी. तिसऱ्या वर्षाचे साडेसात टक्के, अकराशे पंचवीस रुपये. त्या अकराशे पंचवीस रुपयांसाठी बाजारात माणसाला गाठणारी बाई मला व्हायचं नव्हतं. मी स्कूटी वळवली आणि दुसऱ्या गल्लीने निघून गेले.

मार्चमध्ये त्याच्या छातीत दुखलं. धुळ्याला नेता नेता वाटेतच गेला.

मी गेले ते दहाव्यानंतर. कापूस तसाच होता, फक्त पुढून थोडा ओढून बसायला जागा केली होती. त्याच्या बायकोने पत्र्याची पेटी आणली, त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला बाँड काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. सोळापैकी दोन हप्ते भरलेले. अशा पॉलिसीची रक्कम त्याच प्रमाणात खाली येते. मी तिथेच तिच्या मुलीच्या वहीवर हिशेब केला, खरं तर तो मला तोंडी येत होता. तीन लाखांचे दोन सोळांश. सदतीस हजार पाचशे. बँकेतला ४३६ रुपयांचा सरकारी विमाही त्या वर्षी खात्यात पैसे नव्हते म्हणून कापला गेला नव्हता. ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, इतलाच?"

ती मला काही बोलली नाही. तिला माझ्या वळवलेल्या स्कूटीचं माहीतही नाही. पैसे यायला दोन महिने लागले, सगळे कागद मीच केले. कापूस पुढे साडेसात हजारांच्या आसपास गेला असं कळलं.

तेव्हापासून मला एक गोष्ट छळते आणि ती मी ब्रँचमध्ये कुणाला बोलू शकत नाही. आम्हाला शिकवतात की नकाराला घाबरू नका, दहा नाहींमागे एक हो असतो. नकाराला मी घाबरत नव्हते. मी घाबरले ते लोकांच्या मनातल्या माझ्या चित्राला. लोक समजतात आम्ही कमिशनसाठी मागे लागतो. लागतो, खोटं नाही. त्यावरच माझी दोन्ही मुलं शिकली. पण पहिल्या वर्षीच्या मोठ्या कमिशनपायी आम्ही माणसाच्या इतकं मागे लागतो, की पुढे खरोखर त्याच्या भल्यासाठी मागे लागायची वेळ येते तेव्हा ना त्याला ते खरं वाटत, ना आम्हाला तोंड राहतं. विकण्याचं काम एका दिवसाचं आणि त्याचे पैसे सगळ्यात जास्त. सांभाळायचं काम वीस वर्षांचं, त्याला पाच टक्के. क्लेमचं काम सगळ्यात जड, त्याला काहीच नाही. हा हिशेब कुणी कधी बसवला असेल ते असो, पण त्याने माझ्या काळजीवर आणि माझ्या लोभावर एकच पावती फाडली आहे. समोरच्याला त्यातलं कुठलं काय ते ओळखता येत नाही. कधीकधी मलाही येत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात विमा सखी योजना निघाली. दहावी झालेल्या बायकांना एजंट करायचं, पहिल्या वर्षी महिन्याला सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच. शेजारची एक मुलगी विचारायला आली. नवरा पिकअप चालवतो, दीड वर्षाचं बाळ कडेवर. तिने विचारलं, "ताई, जमेल का मला?" मी तिला परीक्षेचं सांगितलं, टार्गेटचं सांगितलं, उन्हात स्कार्फ ओला करून बांध म्हटलं. फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात डोळे झाकून 'नाही' लिहू नकोस, खातो तर खातो लिही, नाहीतर पहिल्या तीन वर्षांत माणूस गेला तर तेवढ्या एका शब्दावर क्लेम अडकतो, हे सांगितलं. ती डायरीत उतरवून घेत होती. मग तिने विचारलं, "सुरुवात कुणापासून करू?" माझ्या तोंडावर आहेराची वही आली होती. मी म्हटलं, "परक्यांपासून कर." ती बुचकळ्यात पडली. परके कशाला पॉलिसी घेतील, हा तिचा प्रश्न बरोबर होता.

त्या रात्री, हळदीकुंकवाहून आल्यावर, मी हे सगळं पुन्हा पुन्हा उलगडत पडले होते. काकूंना दुखवायचं नव्हतं. सुरतेचा तो मुलगा बत्तीस वर्षांचा, धडधाकट, उधन्याला लूमवर रात्रपाळी करतो. तीन दिवसांनी पॉलिसी बंद पडली तरी उद्या काही आभाळ कोसळणार नव्हतं. चार महिन्यांनी व्याज भरून पुन्हा सुरू होईल. पर्समध्ये गाळणी आणि कागद एकमेकांना चिकटून पडले होते. बारा वाजता सुरत-भुसावळ मार्गावरून मालगाडी गेली. भज्यांच्या गाडीपाशी मान खाली घातलेला तो माणूस मला इतका स्पष्ट दिसला की द्रोणावरचे तेलाचे डाग दिसले.

सकाळी सूर्य निघायच्या सुमाराला मी काकूंकडे गेले. अंघोळ झाली होती, केस ओले होते. काकू अंगणात पूर्वेला तोंड करून बसल्या होत्या. रांगोळीने काढलेला सूर्य, त्याच्यापुढे गोवऱ्या रचलेल्या आणि त्यावर मातीचं बोळकं, काठोकाठ दूध. धूर सरळ वर न जाता काकूंच्याच तोंडावर येत होता. मला फाटकात पाहून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर तेच आलं, जे पारोळ्याच्या बाजारात आलं होतं.

मी चप्पल काढली नाही. तिथूनच म्हटलं, "काकू, काल तुम्ही म्हणाल्या म्हणून बोलले नाही. आज बोलते. दादाचा हप्ता राहिलाय. परवा शेवटची तारीख. त्याचा फोन लागत नाहीये."

काकूंनी डोळे पुसले, धुरामुळे. "किती?"

मी आकडा सांगितला. "सप्टेंबरपासून जीएसटी गेलाय, गेल्या वर्षीपेक्षा थोडा कमी आहे," हेही सांगितलं.

"त्यात तुला किती भेटतात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. "पाच टक्के," मी म्हटलं, आणि रुपयेही सांगितले. बाराशे.

काकूंनी मान हलवली. काही ठरवल्यासारखी नाही, नुसती ऐकल्यासारखी. मग बोळक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थांब. दूध उतू जाऊ दे. मग कपाटाची चावी देते."

मी चप्पल काढून त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसले. दुधावर साय धरायला लागली होती, कडेने बारीक बुडबुडे येत होते. आम्ही दोघी ते कुठल्या बाजूने उतू जातं ते बघत राहिलो.